मुंग्यांच्या वाट्याचं पीठ

मुंगी ती केवढी! फुंकर मारली तर चार हात लांब जाऊन पडते. पण गेले तीन आठवडे फुंकरा मारून मारून बलभीमला धाप लागायची वेळ आली होती, आणि मुंग्या होत्या तिथंच होत्या. बासष्ट वर्षांचा गडी, पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेला. त्याला ह्या तिळाएवढ्या जिवानं रडकुंडीला आणलं होतं. "नाव बलभीम, आन लोळवलं कुणी? तर मुंगीनं!" असं तो आपलं आपल्यालाच म्हणायचा. हसू मात्र यायचं नाही.

घर उमरग्यात, हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येईल इतक्याच अंतरावर. पुढच्या खोलीत गिरणी, मागं दोन खोल्या. मागच्या खोलीत खिडकीला लागून लोखंडी कॉट आणि कॉटवर त्याची बायको मथुराबाई. आठ महिन्यांमागं तिला लकवा मारला. उजवी बाजू पार गेली. वाचाही गेली होती, त्यातले दहा-बारा शब्द तेवढे परत आले, तेही एकेक करून. दवाखान्यातनं घरी आणताना बलभीमनं तिचा डावा हात धरून सांगितलं होतं, "मथुरे, तुला कुणाच्या दारी ठेवणार न्हाय. आपल्या घरात हाईस, आपल्या घरातच ऱ्हाशील."

बोलून गेला खरा. पण बोलायला काय जातंय? दोन-दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, पेज भरवायची, लघवीची पिशवी ओतायची. मध्येच पुढून कुणी "गिरणीवाले!" म्हणून हाक मारली की हात धुऊन दळण टाकायचं. गिरणीचा पट्टा फिरत असतानाच आतून तिचा आवाज आला की पुन्हा आत पळायचं. पाय सुजायचे, कंबर धरायची. तरी चाललं होतं बाबा कसंतरी. आणि मग ह्या आल्या.

माघातली सकाळ होती. चादर बदलायची म्हणून त्यानं तिचा उजवा हात उचलला, तर कोपरापासून खांद्यापर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग. कातडीवर जागोजाग बारीक पाणी धरलेले फोड. आणि बाई शांत झोपलेली. त्या हाताला काही कळतच नव्हतं. सगळा हात कुरतडून नेला असता तरी तिला पत्ता लागला नसता. बलभीम ओल्या फडक्यानं एकेक मुंगी टिपायला लागला, तशा त्या त्याच्या बोटांना डसल्या. अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. ह्या तिला रातभर डसत होत्या आणि तिला कळलंही नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो कॉटशेजारी मटकन खाली बसून रडला. लाजायचं काय त्यात? रडला.

मग उपायांना ऊत आला. बाजारात मिळतो तो खडू आणून त्यानं भिंतीच्या कडेनं रेघा ओढल्या. पांढरी पावडर टाकली, हळद टाकली, रॉकेल शिंपडलं. डब्यातला फवारा आणून रांगेवर मारला, तर खोलीत असा वास भरला की मथुराबाईला ठसका लागून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. रांग दोन दिवस नाहीशी झाली. तिसऱ्या दिवशी मुंग्या विजेच्या बोर्डातनं निघाल्या. तिथं मारलं तर मोरीतनं निघाल्या. कॉटच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तरी वर पोचल्याच. कशा पोचल्या, देव जाणे! रात्रीतनं चार-पाच वेळा उठून तो बॅटरीच्या उजेडात तिचा हात, मान, पाठ बघायचा. तीन आठवडे सलग झोप अशी नाही. एकदा तर दळणात ज्वारीच्या जागी कुणाचे गहू ओतले आणि शिव्या खाल्ल्या.

अशातच निकिताचा फोन आला. निकिता त्याची लेक, सोलापूरला शाळेत शिकवते. रोज संध्याकाळी आईचं तोंड बघायला म्हणून व्हिडिओ कॉल लावायची. त्या दिवशी फोन धरताना चादर सरकली आणि पोरीला हात दिसला.

"आण्णा, हे काय आहे? आईला मुंग्या खातायत?"

"आगं, पावडर टाकली हाय. जातील."

"कधीपासनं हाय हे?"

बलभीमनं चादर परत हातावर ओढली. त्यातनं काय कळायचं ते तिला कळलं. तिनं आधी तोंड झाकून घेतलं, मग डोळे पुसले, मग मास्तरीणबाईचा आवाज काढला. "येत्या रविवारी न्हाय, त्याच्या पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. तोवर मुंग्या गेल्या तर ठीक. न्हाय गेल्या तर आईला सोलापूरला घेऊन जाणार. मग मला काही सांगायचं न्हाय, आण्णा."

पोरीचं चुकलं होतं का? नव्हतं. तेच तर दुखणं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवसभर निकिता शाळेत, मथुराबाईजवळ कुणी तरी परकी पगारी बाई. त्याला ते नको होतं. आणि खरं सांगायचं तर खरं कारण हे नव्हतंच. खरं कारण असं, की मथुरा गेल्यावर या घरात तो एकटा करणार काय होता? पेज कुणासाठी शिजवणार होता? हातात बारा दिवस होते. बारा दिवसांत मुंग्या गेल्या नाहीत तर बायको जाणार होती.

आता एक सांगायचं राहिलं. मथुराबाईची वाचा परतली तेव्हा पहिला शब्द कोणता आला असेल? नवऱ्याचं नाव नाही, लेकीचं नाही, देवाचं तर नाहीच. पहिला शब्द आला, "मुंगी?"

त्याला कारण होतं. गिरणी म्हटलं की पीठ सांडतंच. कुणाच्या ज्वारीचं, कुणाच्या गव्हाचं, थोडं जात्यात राहतं, थोडं जमिनीवर उडतं. बाकीचे गिरणीवाले ते झाडून आपल्या डब्यात भरतात किंवा म्हशीला घालतात. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मथुराबाईनं सांगून टाकलं होतं, "लोकांच्या घासातलं पीठ आपल्या पोटात नको." रोज सकाळी ती गिरणी झाडायची, ते पीठ चाळून त्यात चिमूटभर साखर घालायची आणि मागच्या पायरीवर मुंग्यांना घालायची. पस्तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. आणि मुंग्यांना घातल्याशिवाय तिनं तोंडात घास घेतला नाही. आता हात गेला, तर रोज सकाळी डोळे उघडले की विचारायची, "मुंगी?" मग बलभीम अर्धवट झोपेत जाऊन पायरीवर पीठ फेकायचा आणि यायचा. "घातलं." मग ती तोंड उघडायची.

म्हणजे माणूस सकाळी मुंग्यांना जेवायला घालत होता आणि दुपारी त्यांच्यावर फवारा मारत होता. तुम्हाला-आम्हाला हसू येईल. त्याला यात काही वावगं दिसतच नव्हतं. पायरीवरच्या त्या काळ्या मुंग्या, देवाच्या. घरातल्या ह्या तांबड्या, वैरिणी. त्या वेगळ्या, ह्या वेगळ्या. साधा हिशेब होता.

दर तिसऱ्या दिवशी पौर्णिमा नावाची पोरगी यायची. दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी सुटली की स्कूटीवरून येऊन मथुराबाईच्या पाठीची जखम बांधून जायची. तिचे वडील गुलाबराव बलभीमचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळं ती त्याला काका म्हणायची आणि काकाला बोलून घ्यायलाही कमी करायची नाही. निकिताच्या फोननंतर दोन दिवसांनी ती आली. आजवर चादरीखाली झाकलेला हात या वेळी बलभीमनं स्वतः दाखवला; तिनं फोड बघितले, मग खाली वाकून कॉटखाली बघितलं.

"काका, वाट्या ठेवल्या, ब्येस केलं. आन ही चादर? भितीला टेकलीय. ही लघवीची नळी? जमिनीला लागलीय. पाण्यातनं कशाला येतील त्या? तुमी पूल बांधून दिलाय की!"

बलभीमनं बघितलं. नळीवरून एक मुंगी सावकाश वर चालली होती. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

पौर्णिमानं पांढऱ्या कागदावर चार मुंग्या घेतल्या आणि त्याच्यापुढं धरल्या. "बगा. एकाच रांगेतल्या हायत, तरी एक बारीक, एक मोठ्या डोक्याची. चावली की आधी आग, आन दुसऱ्या दिशी पाण्याचा फोड. ही आपली घरातली मुंगी न्हाय, काका. आमच्या शेतात भुईमुगाला लागली व्हती. ही भायेरची. जिथं येती तिथं दुसऱ्या मुंगीला ऱ्हाऊ देत न्हाय."

"कानामागून आली आन तिखट झाली म्हण की," बलभीम म्हणाला.

"आता हिचं घर बगू. रांगंवर फवारा मारून काय व्हतंय? घर हलवतात त्या, दुसऱ्या भोकातनं निघतात. आजार रेड्याला आन औषध पखालीला!"

दोघं रांगेच्या मागं निघाले. रांग खिडकीखालच्या भेगेतनं बाहेर गेली, भिंतीवरून उतरली आणि मागच्या दाराच्या उतारात शिरली. तो उतार बलभीमनं स्वतः केलेला. मथुराबाईची चाकाची खुर्ची दारातनं आतबाहेर व्हावी म्हणून ट्रॉलीभर माती आणून टाकली होती आणि वर शहाबादी फरश्या बसवल्या होत्या. फरश्यांच्या सांध्यांतनं रव्यासारखी भुसभुशीत माती वर आली होती. पौर्णिमानं त्यात काडी खुपसली मात्र, तांबडा लोंढा उसळून बाहेर आला.

"मातीसंगंच आल्या असतील," ती म्हणाली. मग तिची नजर शेजारच्या पायरीवर गेली. सकाळचं पीठ तिथं होतं आणि ते हलत होतं. "आन हे काय? ह्यांला जेवायला कोण वाढतंय?"

"ते आमचं रोजचं हाय. ते काळ्या मुंग्यांला."

"काका, चष्मा लावा."

त्यानं खिशातनं चष्मा काढला, गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसला आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. पस्तीस वर्षांच्या त्या पायरीवर एक काळी मुंगी नव्हती. एकसुद्धा नाही. सगळ्या तांबड्या. मोठ्या डोक्यांच्या आणि बारीक, पिठाचे कण उचलून उतारात चालल्या होत्या. काळ्या कधी गेल्या, त्याला कळलंही नव्हतं. इतके महिने तो न बघता पीठ फेकत होता.

पौर्णिमानं काय करायचं ते सांगितलं. सकाळी गारव्याला मुंग्या वर असतात, तेव्हा फरश्या उचलून कढत पाणी ओतायचं. मग शेंगदाण्याचं कूट, गूळ, थोडं पीठ आणि त्यात मेडिकलमध्ये मिळते ती बोरिक पावडर, कॅरमला लावतात ती, अगदी चिमूटभर. "जास्त घालू नका. लगीच मेली तर बिळात काय नेणार? हळू मराय पायजे. तिनं नेऊन राणीला चारलं पायजे. राणी जित्ती हाय तोवर तुमी कितीबी मारा." आणि शेवटी म्हणाली, "पयलं म्हंजी हे पीठ बंद. पोट भरलेलं असलं तर तुमचं औषध कोण खाईल?"

"ती जेवत न्हाय पोरी. मुंग्यांला घातल्याबिगर घास घेत न्हाय ती."

"मग सांगा की त्यांला."

"काय सांगू? तू ज्यांला घालतीस त्याच तुला खातात म्हणून सांगू?"

पौर्णिमानं हातमोजे काढले. "ते तुमचं तुमी बगा, काका," ती म्हणाली आणि निघाली. तिला अजून दोन घरं गाठायची होती.

बलभीमनं सोपी वाट धरली. खोटं बोलायचं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी फरश्या उचकटल्या, दोन पातेली उकळतं पाणी ओतलं, पायरी धुऊन काढली, बाटल्यांच्या टोपणांत औषध ठेवलं. आत मथुराबाई जागी झाली. "मुंगी?"

"घातलं."

तिनं तोंड उघडलं. पेज भरवताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. दोन दिवस हे जमलं. मुंग्या टोपणांपाशी यायला लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिनं डाव्या हातानं उशी दाखवली, उंच कर म्हणून. त्यानं केली. खिडकीतनं मागची पायरी दिसते हे त्या शहाण्याच्या लक्षातच नव्हतं.

"मुंगी?"

"घातलं की मघाशी."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. पायरी धुतलेली, कोरडी. मग तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. चमचा ओठांना लावला, पेज हनुवटीवरून खाली गेली. दुपारीही तेच. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी दोन घोट पाणी, बास. त्यानं समजूत काढली, हात जोडले, चमचा बशीत आपटला. बाई ढिम्म. आधीच अंगात हाडांवर कातडं राहिलेलं, त्यात हा उपास. तिसऱ्या दिवशी सकाळी बलभीमनं हात टेकले. गिरणी झाडली, पिठात साखर घातली आणि तिच्या डोळ्यांदेखत पायरीवर ठेवलं. ती जेवली. मुंग्याही जेवल्या. टोपणांतलं औषध तसंच वाळून गेलं.

आणि पुढल्या दिवशी सकाळी तिच्या उजव्या कानामागं आणि गालावर फोड होते. डोळ्यापासून दोन बोटांवर. चादर भिंतीला टेकलेली नव्हती, नळी वर बांधलेली होती, तरी कुठनं तरी आल्याच होत्या. निकिता यायला चार दिवस राहिले होते.

तो फडकं भिजवून गाल टिपत होता, एवढ्यात तिनं डोळे उघडले.

"मुंगी?"

आणि बलभीमचा तोल गेला.

"मुंगी, मुंगी, मुंगी! दुसरं काय येत न्हाय तुला?" त्यानं चादर ओढून फेकली, तिचा उजवा हात उचलला आणि तिच्या डोळ्यांपुढं धरला. "बघ! बघ की! हे कुणी केलंय? तुझ्या मुंग्यांनी! तू त्यांला वाढतीस आन त्या तुला खातात. काळ्या मुंग्या कवाच गेल्या, मथुरे. ह्या दुसऱ्याच हायत. म्या रोज पीठ घालतो आन रोज तुझ्या अंगावरनं येचून काढतो. पोरगी रविवारी तुला घेऊन जाणार हाय ह्याच्यापायी. आता काय करू म्या? सांग, काय करू?"

शेवटचे शब्द ओरडून नाही, रडून निघाले. नवरा होता, आयुष्यात आवाज चढवला नव्हता असं नाही. पण आजारपणात ही पहिलीच वेळ. त्याची त्यालाच शरम वाटली. त्यानं तिचा हात हळूच खाली ठेवला आणि तो पुसत बसला, पुसायला काही नसताना.

मथुराबाई त्या हाताकडं बराच वेळ बघत होती. इतके दिवस तो चादरीखाली असायचा, नाही तर मलमपट्टीत. आपला हात असा झालाय हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

"लई?" तिनं विचारलं.

"लई."

"तुमाला?"

त्यानं हात मागं घेतले. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं आणि पुढं ओढलं. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर कुठनं आला कोण जाणे. त्याची बोटं सुजलेली, मनगटापर्यंत फोडच फोड, खाजवून खाजवून सालपटं निघालेली. स्वतःच्या हाताकडं बघून तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता मात्र घळाघळा पाणी आलं. मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. दाढीचे खुंट, आत गेलेले डोळे.

"झोप?"

"झोपतो की."

"खोटं."

हा शब्द नवा होता. दवाखान्यातनं आल्यापासनं पहिल्यांदाच तोंडातनं निघाला, आणि निघाला तो असा. एरवी बलभीमनं आनंदानं पौर्णिमाला फोन केला असता.

आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. उतारातली माती, राणी, बोरिक पावडर. "पिठातच औषध घालायचं, मथुरे. तुझ्याच पिठात. त्याच पायरीवर. त्या मरतील. सगळ्या मरतील." पुढच्या खोलीतनं गुंडप्पा किराणावाल्याची हाक आली, "गिरणीवाले, ज्वारी आणलीय हो!" बलभीम उठला नाही. गुंडप्पानं तीनदा हाक मारली आणि तो आपला बाकावर बसून राहिला असावा.

मथुराबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. पस्तीस वर्षं जिनं मुंगीवर पाय पडू नये म्हणून बघून पाऊल टाकलं, तिला तो मारायची परवानगी मागत होता. हे काही बायकोला विचारायचं बोलणं नव्हतं, आणि विचारल्याशिवायही चालणार नव्हतं.

"घाला," ती भिंतीकडं बघतच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आज... उपास."

या वेळी त्यानं चमचा पुढं केला नाही.

त्यानं गिरणी झाडली, पीठ चाळलं, कूट आणि गूळ घातला, पौर्णिमानं सांगितली होती तेवढीच पावडर घातली आणि गोळ्या करून पायरीवर ठेवल्या. मुंग्यांना ती जागा पाठ होती. पंगतीला आल्यासारख्या आल्या. बघता बघता उतारापर्यंत रांग लागली. "माफ करा बायांनो," बलभीमच्या तोंडून निघून गेलं, आणि मग आपण मुंग्यांची माफी मागतोय याचाच त्याला राग आला. त्यानंही त्या दिवशी चहाशिवाय काही घेतलं नाही.

दोन दिवस फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशी रांग विरळ झाली. उकळतं पाणी रोज सकाळी चालू होतंच. उताराच्या सगळ्या फरश्या निघाल्या, माती उकरून पार दूर नेऊन टाकली. शनिवारी तिच्या अंगावर एकही मुंगी नव्हती. रविवारी सकाळी मोरीपाशी पाच-सहा चुकार फिरत होत्या तेवढ्याच. बलभीमनं मथुराबाईला अंघोळ घातली, वेणी घातली, धुतलेलं लुगडं नेसवलं. हातावरचे फोड वाळून खपल्या धरल्या होत्या. त्यानं स्वतः दाढी केली आणि दोन ठिकाणी कापून घेतलं. जिंकलं होतं म्हाताऱ्यानं. कित्येक दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

अकरा वाजता निकिता आली. आधी आईला पोटाशी धरलं, मग चादर उचलली, कॉटखाली वाकली, भिंतीवरून नजर फिरवली. बलभीम प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिला सगळं समजावत होता. "राणी गं. राणी मेली की संपलं. रांगंवर फवारा मारायचाच न्हाय, लोकांना हेच कळत न्हाय. आन चादर भितीला..."

मान छातीवर पडली तेव्हाच त्याला कळलं की आपण झोपलो होतो. वाक्य कुठंतरी अर्ध्यातच राहिलं होतं. डोळे उघडायचे होते, पण पापण्या उचलेनात. आणि त्या अर्धवट गुंगीत त्याला मथुराबाईचा आवाज आला.

"ने."

"काय न्यायचं, आई?"

"मला."

"अगं, मुंग्या गेल्या की आता. मी आण्णांना कबूल केलंय. मुंग्या गेल्या तर मी नेणार न्हाय म्हणून."

"ने. झोपू दे... ह्यांला."

बलभीमचे डोळे खाडकन उघडले. "काय म्हणतीस? मथुरे, मुंग्या गेल्या! म्या घालवल्या!"

"व्हय," ती म्हणाली. शब्द जुळवायला तिला वेळ लागत होता. दोघंही थांबले. "मुंग्या... गेल्या. आता... तुमी जाल."

ती कुठं जाल म्हणतेय हे दोघांनाही कळलं होतं. निकितानं बापाकडं नीट बघितलं, बहुधा आल्यापासनं पहिल्यांदाच, आणि तिचा चेहरा बदलला.

"म्या शब्द दिला हाय तुला," बलभीम म्हणाला. "घरातच ठेवीन म्हणून."

"म्या... दिला न्हाय," मथुराबाई म्हणाली.

बलभीम भांडला, नाही असं नाही. सोलापूरला पाठ कोण पुसणार म्हणाला, पेज पातळ लागते तुला म्हणाला, तिसरा मजला म्हणाला. निकिता म्हणाली, "आण्णा, एक महिना. शाळेला रजा टाकते मी आठ दिवस, मग बाई ठेवते. महिन्यानं मी स्वतः आणून सोडते." तो अजून काही म्हणणार होता, पण उठायला गेला आणि त्याला परत खुर्चीत बसावं लागलं. मथुराबाई त्याच्याकडंच बघत होती. मग त्याला भांडायला तोंड राहिलं नाही.

पिशवी त्यानंच भरली. लुगडी, औषधं, मलम, पातळ पेजेसाठी आपल्या गिरणीतला ज्वारीचा बारीक रवा. उतार उकरून टाकलेला, म्हणून चाकाची खुर्ची बाहेर नेता येईना. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं. तिनं डावा हात त्याच्या गळ्यात टाकला. दारापासून गाडीपर्यंत वीस पावलं असतील. त्यानं ती फार हळू टाकली, आणि निकितानं घाई केली नाही.

मागच्या सीटवर उश्या लावून तिला नीट आडवं केलं. नळी कुठं अडकत नाही ना, हे त्यानं दोनदा बघितलं.

"आठ दिसांनी येतो बघायला," तो म्हणाला. "येष्टीनं येतो. सकाळच्या पयल्या गाडीनं."

मथुराबाईनं मान हलवली. नाही म्हणून. मग तिनं खूप जुळवाजुळव करून, एकेक शब्द वेगळा काढून सांगितलं, "झोपून... या."

"व्हय," बलभीम म्हणाला. निकितानं काच वर केली आणि गाडी सुरू केली.